जुना कॉम्प्युटर म्हणतोय ‘हार्ड डिस्क नाही’? भंगारात द्यायच्या आधी ‘डिलीट’ दाबून बघा

फोन चालू करताना पॉवरसोबत आवाजाचं बटण दाबून धरलं की काळ्या पडद्यावर एक छोटी यादी येते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. तिला रिकव्हरी मेनू म्हणतात. टच चालत नाही, आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं आणि पॉवरने निवडायचं. अँड्रॉइड सुरू व्हायच्या आधीचं हे जग असतं. आज त्याच्या आजोबांबद्दल बोलू: नव्वदच्या दशकातल्या घरगुती पीसीचा सेटअप मेनू आणि डॉसचा स्टार्टअप मेनू.

विषय काढायला कारण आहे. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, घर सांगलीत विश्रामबागला. आमच्या शेजारच्या काकांकडे एक ४८६ कॉम्प्युटर आहे, त्या काळी सुटे भाग जोडून बनवून घेतलेला, ज्याला आपण ‘असेंबल्ड’ म्हणतो. काका घरीच मराठी टायपिंगची कामं करायचे आणि हौशी नाटक मंडळींच्या संहिता टाइप करून द्यायचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ याच गावात केलं, त्यामुळे सांगलीत नाटक लिहिणाऱ्यांची कधी कमी नव्हती. त्या संहितांचे छापील कागद गावभागात एका मित्राच्या घरी ठेवलेले होते आणि २०१९ च्या महापुरात ते गेले. उरली ती फक्त या डब्यातली डिस्क. आणि डबा चालू केला की इंग्रजीत लिहून यायचं: सीमॉस बॅटरी लो, हार्ड डिस्क फेल्युअर, एफ१ दाबा.

“डिस्क गेली रे. त्याचं तोच सांगतोय,” काका म्हणाले. भंगारवाला येऊन बघूनही गेला होता.

डिस्क गेलेली नव्हती. कॉम्प्युटर तिला विसरला होता. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे.

चालू होताना नेमकं काय होतं?

बटण दाबल्यावर प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. बोर्डावरच्या एका चिपमध्ये कायमचा लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असतो, बायोस. तो आधी जागा होतो, मेमरी मोजतो (पडद्यावर डावीकडे वर आकडे पळताना दिसतात ते हेच), कीबोर्ड आहे का बघतो, एक छोटा बीप देतो आणि मग डिस्क शोधायला लागतो. पण तुमच्या मशीनला कुठली डिस्क लावलीय हे बायोस बनवणाऱ्याला कसं कळणार? ती माहिती कुठेतरी लिहून ठेवावी लागते.

१९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत त्यासाठी बोर्डावर बारीक खटके होते. फ्लॉपी ड्राइव्ह किती, पडदा कुठल्या जातीचा, मेमरी किती, हे सगळं पेनाच्या टोकाने खटके वर-खाली करून सांगायचं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये खटक्यांचं बहुतेक काम एका घड्याळाच्या चिपकडे गेलं. त्या चिपमध्ये सगळी मिळून ६४ बाइट जागा. त्यातले १४ बाइट घड्याळ आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेले ५० सेटिंग्जसाठी. मेगाबाइट नाही, किलोबाइटसुद्धा नाही, नुसते ५० बाइट! तुमचा एक साधा मेसेज त्यात मावणार नाही. यालाच सीमॉस म्हणायचे.

ही मेमरी वीज गेली की पुसली जाते, म्हणून बोर्डावर तिच्यासाठी एक छोटी बॅटरी असते. ती संपली की तारीख १ जानेवारी १९८० वर जाते (डॉसला त्याच्या आधीचं जग ठाऊकच नाही) आणि ‘सी ड्राइव्हला अमुक डिस्क आहे’ ही नोंदही जाते. डिस्कवरचा डेटा जिथे होता तिथेच असतो. चावी हरवली म्हणून घर रिकामं होत नाही, तसंच.

माझा अंदाज असा, की आपल्याकडे भंगारात गेलेल्या कितीतरी जुन्या पीसींचा खरा आजार एवढाच असणार.

आधी झाकण उघडा, बॅटरी बघा

३८६ आणि ४८६ च्या बऱ्याच बोर्डांवर बॅटरी गोल नाण्यासारखी नसते. बोटाच्या पेराएवढी, दंडगोल, बोर्डाला डाग देऊन जोडलेली, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. वीस-तीस वर्षांत ती फुटते आणि आतला क्षार बाहेर येऊन बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर समजायचं सुरू झालंय. एकदा कीबोर्डच्या बाजूच्या रेषा खाल्ल्या गेल्या की मेनू आला तरी त्यात फिरता येत नाही. म्हणून जुनं मशीन चालवायचं नसलं, नुसतं माळ्यावर ठेवायचं असलं, तरी ही बॅटरी आधी कापून काढा. डाग असतील तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग पाण्याने, आणि पूर्ण वाळू द्यायचं. हातमोजे घाला, कॅडमियम विषारी असतं. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

काकांच्या बोर्डावर गळती नुकतीच सुरू झाली होती. बॅटरी कापली. आता एक गोष्ट लक्षात घ्या, यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ ती सांगत नाहीत: डेटा काढायला नवी बॅटरी लागतच नाही. मशीन चालू आहे तोवर सीमॉसला वीज पॉवर सप्लायमधूनच मिळते. सेटिंग भरा, सेव्ह करा, मशीन रीस्टार्ट होईल, पण वीज तुटत नाही म्हणून नोंद टिकते. बटण बंद केलं की पुन्हा सगळं विसरणार, एवढंच.

डिलीट दाबून आत

एएमआय आणि अवॉर्ड या दोन कंपन्यांचे बायोस असेंबल्ड मशीनमध्ये सर्रास सापडतात. दोन्हींत आकडे पळत असताना डिलीट दाबायचं. फिनिक्सच्या बायोसमध्ये बहुधा एफ२, कॉम्पॅकच्या मशीनवर एफ१०. पडदा हळूहळू उजळणारा जुना मॉनिटर असेल तर वाट बघू नका, बीपच्या आधीपासूनच टकटक दाबत राहा.

आत गेल्यावर निळ्या पडद्यावर यादी येते. काकांच्या एएमआय बायोसमध्ये पहिली ओळ ‘स्टँडर्ड सीमॉस सेटअप’. तारीख, वेळ, फ्लॉपी ड्राइव्ह, हार्ड डिस्क असं सगळं त्यात. बाणांनी फिरायचं, पेज-अप आणि पेज-डाउनने आकडा बदलायचा, एस्केपने मागे. खाली ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या दोन ओळी असतात. त्यात मेमरीचा वेग वगैरे असतो, तिथे कारण नसताना हात घालू नका.

आणि एक ओळ आहे जिच्यावर एंटर दाबायचंच नाही: ‘हार्ड डिस्क युटिलिटी’. नाव वाचून वाटतं की डिस्क दुरुस्त करायचं काहीतरी असेल. आत गेलात की तिथे डिस्क फॉरमॅट करायची सोय असते. ज्यासाठी एवढा खटाटोप चाललाय तेच पुसलं जाईल. असल्या गोष्टीला ‘युटिलिटी’ म्हणणाऱ्याला माझा दुरून नमस्कार.

आता डिस्कचे आकडे. जुन्या बायोसला डिस्कची ओळख तीन संख्यांनी पटते. सिलिंडर म्हणजे तबकडीवर एकात एक किती वर्तुळं आहेत, हेड म्हणजे वाचणारी टोकं किती, आणि सेक्टर म्हणजे एका वर्तुळाचे तुकडे किती. प्रत्येक तुकडा ५१२ बाइटचा. काकांच्या डिस्कच्या लेबलवर १००१, १५ आणि १७ असे आकडे होते. गुणाकार करून बघा: १००१ × १५ × १७ × ५१२ म्हणजे १३ कोटी ६ लाख ९० हजार ५६० बाइट. साधारण १३० एमबी. तुमच्या फोनमधला मिनिटभराचा फोर-के व्हिडिओ त्यात बसणार नाही, पण पंधरा-वीस वर्षांचं टायपिंग बसलं होतं.

बायोसमध्ये १ ते ४६ अशा ठरलेल्या डिस्क-जाती असतात आणि शेवटची ४७, ‘युजर’, म्हणजे आकडे तुम्हीच भरा. ती निवडून लेबलवरचे तीन आकडे टाकायचे. लेबल निघालं असेल तर मुख्य यादीत ‘ऑटो डिटेक्ट हार्ड डिस्क’ अशी ओळ आहे का बघा, ती डिस्कलाच विचारून आकडे आणते. काही अवॉर्ड बायोस त्यावर तीन पर्याय देतात: नॉर्मल, एलबीए, लार्ज. ५२८ एमबीच्या आतल्या डिस्कला बहुतेक वेळा नॉर्मलच लागतो. हा ५२८ चा आकडा कुठून आला? बायोस आणि डिस्क या दोघांच्या मर्यादा एकत्र आल्या की जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, त्यातून तो निघतो.

इथे सावध राहा. डिस्क ज्या आकड्यांवर फॉरमॅट केली होती तेच आकडे हवेत. चुकीचे टाकले तर वाचताना नुसता गोंधळ दिसेल, त्याने नुकसान नाही. पण त्या अवस्थेत काही सेव्ह केलं किंवा डॉसला ‘दुरुस्ती’ करायला लावली, तर ते भलत्याच जागी लिहिलं जाईल. फाइलींची यादी नीट वाचता येत नाही तोवर लिहायचं काही नाही.

आणखी एक सेटिंग बघून घ्या, बूट सिक्वेन्स. आधी ए म्हणजे फ्लॉपी, की आधी सी म्हणजे डिस्क? त्या काळी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून मशीन चालू केलं की फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमधला व्हायरस थेट आत यायचा. १९९० साली भारतात सापडलेला ‘जोशी’ व्हायरस असाच पसरायचा. दर ५ जानेवारीला तो मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावायचा. टाइप केलं की सोडायचा. आजच्या रॅन्समवेअरच्या मानाने भलताच सभ्य. तर सांगायचं म्हणजे, आधी सी हा क्रम जास्त सुरक्षित.

एफ१० किंवा ‘राइट टू सीमॉस अँड एक्झिट’, मग वाय. मशीन रीस्टार्ट झालं. डिस्कचा लाल दिवा लुकलुकला, कर्रकर्र आवाज आला आणि पडद्यावर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’. काका खुर्ची ओढून पुढे येऊन बसले.

डॉसचा स्वतःचा मेनू

पुढे जे आलं ते मी पहिल्यांदाच खऱ्या मशीनवर बघत होतो. काकांनी तेव्हा बनवून ठेवलेली यादी: १ मराठी टायपिंग, २ खेळ, ३ साधा डॉस. खाली मागे मोजणारं दहा सेकंदांचं घड्याळ.

घरगुती मशीनला अशी यादी का लागायची? कारण मेमरी. मशीनमध्ये ४ एमबी रॅम असली तरी साधे डॉस प्रोग्रॅम पहिल्या ६४० केबीतच चालायचे. मूळ पीसीचा प्रोसेसर १ एमबीपर्यंतच बघू शकायचा आणि त्यातले वरचे ३८४ केबी पडदा, बायोस वगैरेंसाठी राखीव होते. माउस, साउंड कार्ड, सीडी, प्रत्येकाचा ड्रायव्हर याच ६४० मधून घास घ्यायचा. काही खेळांना त्यातली ६०० केबीच्या आसपास जागा मोकळी लागायची. टायपिंगचं सगळं चढवलं तर खेळ चालत नाही, खेळाची तयारी केली तर टायपिंगला हवं ते नाही. फोनवर तुम्ही ॲप बंद करून जागा करता. इथे मशीनच पुन्हा वेगळ्या तयारीने सुरू करायचं.

१९९३ च्या एमएस-डॉस ६ पासून ही यादी बनवायची सोय आतच आली. ‘कॉन्फिग डॉट सिस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत, सी ड्राइव्हच्या मुळाशी, असं काहीतरी लिहायचं (खऱ्या फाइलीत अर्थात रोमन अक्षरांत):

[मेनू]
मेनूआयटम=टायपिंग, मराठी टायपिंग
मेनूआयटम=खेळ, खेळ
मेनूआयटम=साधा, साधा डॉस
मेनूडिफॉल्ट=टायपिंग, १०

मग खाली चौकटी कंसात प्रत्येक नावाचा विभाग आणि त्यात त्या पर्यायाचे ड्रायव्हर. सगळ्यांना लागणारं ‘कॉमन’ विभागात. एका यादीत जास्तीत जास्त नऊ पर्याय. कुठला पर्याय निवडला हे डॉस ‘कॉन्फिग’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो, त्यामुळे पुढच्या ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ फाइलीतही ‘गोटू’ वापरून त्याप्रमाणे वेगळी वाट धरता येते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनो, ही इफ-एल्सची घरगुती आवृत्ती आहे. काकांनी कुठलाही कोर्स न करता ती लिहिली होती.

आम्ही एक दाबलं आणि मशीन अडकलं. कारण सोपं होतं, मराठीसाठीचं कार्ड कधीतरी काढून ठेवलेलं होतं आणि त्याचा प्रोग्रॅम ते शोधत बसला होता.

अशा वेळी दोन कळा कामाला येतात. ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसतं त्या एक-दोन सेकंदांत एफ५ दाबलं तर दोन्ही फाइली पूर्ण टाळून नुसता डॉस सुरू होतो. एफ८ दाबलं तर एकेक ओळ दाखवून ‘ही करू का?’ असं विचारतो, वाय किंवा एन. कुठली ओळ अडवतेय हे शोधायला एफ८ उत्तम, घाईत बाहेर पडायला एफ५. विंडोज ९५ मध्ये हीच एफ८ सेफ मोडच्या यादीसाठी राहिली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मशीन इतकं झटपट सुरू व्हायला लागलं की कळ दाबायला सेकंदाचा पाचवा भागही उरत नव्हता, म्हणून ती सोय नेहमीच्या रस्त्यावरून काढून टाकावी लागली.

एफ५ दाबून आत गेलो. ‘नाटक’ नावाच्या फोल्डरात १४ फाइली, मिळून एक एमबीच्या आत. एक उघडली तर पडद्यावर टोप्या घातलेली फ्रेंच-जर्मन अक्षरं आणि ग्रीक चिन्हं. “हे बघ, सगळं सडलंय,” काका म्हणाले.

सडलेलं नव्हतं. ते कार्ड होतं जिस्ट. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि नंतर पुण्याच्या सीडॅकने वाढवलेलं तंत्रज्ञान. कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची. अक्षरं साठवली जायची ती इस्की या भारतीय प्रमाण कोडमध्ये. कार्ड नसलं की तोच मजकूर असा परदेशी दिसतो. चांगली गोष्ट ही, की युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे. त्यामुळे एका कोडवरून दुसऱ्यावर जायला एक तक्ता आणि जोडाक्षरांचे थोडे नियम पुरतात. पीसीच्या कार्डांसाठी अक्षरांच्या जागा जरा हलवलेल्या असतात, तेवढं बघून घ्यावं लागतं. पुढच्या काळात फॉन्टच्या मागे लपवलेली मराठी याहून कितीतरी त्रासदायक आहे, प्रत्येक कंपनीचा घोळ वेगळा.

फाइली बाहेर कशा काढल्या? फ्लॉपीवर. जुनी आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारी केबल मी आणली होती, पण अशा बऱ्याच केबलींना एलबीए न समजणाऱ्या सुरुवातीच्या डिस्का ओळखू येत नाहीत. १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत चौदाच्या चौदा नाटकं बसली. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने लॅपटॉपवर घेतली आणि छोट्या स्क्रिप्टने युनिकोडमध्ये बदलली. इस्कीत एका अक्षराला एक बाइट, यूटीएफ-८ मध्ये तीन, म्हणून फाइली फुगल्या एवढंच. तेरा पूर्ण निघाल्या. एकीचा तिसरा अंक मधेच तुटतो, तिथे डिस्कचा तेवढा भाग खरोखर खराब आहे. तो अंक काकांना बराचसा पाठ आहे, ते सध्या फोनवर बोलून टाइप करतायत.

फोनवाल्यांसाठी दोन ओळी

फोनच्या रिकव्हरी मेनूतही एक ‘हार्ड डिस्क युटिलिटी’ आहे. तिथे तिचं नाव ‘वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट’. फोन सुरूच होत नसेल तर आधी ‘रीबूट सिस्टिम नाऊ’ करून बघा. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर सेफ मोड बघा: बऱ्याच फोनवर पॉवर मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की विचारतो. त्यात तुम्ही टाकलेली ॲप बंद राहतात, म्हणजे एफ५ सारखंच. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, आणि बॅकअप असेल तरच. तो केल्यावर फोनच्या आत असलेले फोटो गेले म्हणून समजा, आता सगळं एन्क्रिप्टेड असतं.

स्वतः करून बघायचंय?

जुनं मशीन नसेल तर लॅपटॉपवर ८६बॉक्स नावाचा मोफत एम्युलेटर टाका. डॉसबॉक्स इथे उपयोगाचा नाही, तो खेळांसाठी छान आहे पण त्यात खरा बायोस नसतो. ८६बॉक्समध्ये ४८६ चं एखादं बोर्ड निवडा आणि एक छोटी डिस्क बनवा. बनवताना तो सिलिंडर, हेड, सेक्टर दाखवतो, ते वहीत लिहून ठेवा. डिलीट दाबून आत जा, जात ४७ निवडून तेच आकडे भरा, सेव्ह करा. मग एम्युलेटर बंद करून त्या मशीनच्या फोल्डरमध्ये ‘एनव्हीआर’ नावाचं फोल्डर शोधा. सीमॉसमधली माहिती तिथल्या फाइलीत असते. ती फाइल उडवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. काकांच्या पडद्यावर आली होती तशीच तक्रार तुमच्या लॅपटॉपवर येईल, आणि आता तुमच्या वहीत तीन आकडे आहेत.